गोळ्या सुटेपर्यंत

माझी आई भिवापूरकडची, म्हणजे मिरचीच्या वावरात वाढलेली. आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला की ती त्याच्या ताटाकडे बघायचीच नाही, नाकाकडे बघायची. नाक वाहायला लागलं म्हणजे रस्सा जमला. स्वतः जेवायला बसली की भाकरीशेजारी हिरव्या मिरच्या लागायच्याच. कचकन चावायची, पदरानं डोळे पुसायची, "अवं माय वं!" म्हणायची आणि आणखी एक उचलायची. बाबा म्हणायचे, "हिले जेवण नाही पाहिजे, मार पाहिजे." ती खदखदून हसायची. दिवसभरात ती स्वतःसाठी म्हणून काही करत असेल तर एवढंच.

हे सगळं माझ्यापायी बंद झालं. तोंडावर मला तसं कुणी म्हटलं नाही. म्हणायला कशाला पाहिजे? मला डोळे होते.

आम्ही तेव्हा सक्करदऱ्याला तळ्याच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. बाबा हिंगण्याला एका कारखान्यात होते, आज दिवसपाळी तर पुढच्या आठवड्यात रातपाळी, आणि कंपनीची बस चुकली की घरात सगळ्यांवर ओरडा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी अकरा वर्षांची असेन, तेव्हा माझं पोट दुखायला लागलं. जेवलं की बेंबीच्या खाली उजवीकडे कुणी ओला कपडा पिळतंय असं व्हायचं, आणि मग संडासाकडे धूम. संध्याकाळी अंग तापायचं. एकीनं सांगितलं जंत आहेत, दुसरीनं सांगितलं नजर लागली, मग डॉक्टरांनी पोटाचा टीबी ठरवला. त्या काळी पोटाचं असं काही दिसलं की टीबीच म्हणायचे, आणि बहुतेकांना तो असायचाही. मला नव्हता. इंजेक्शनं टोचून टोचून बसायची सोय राहिली नाही, तरी मी वाळतच गेले. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात पोट फाडलं, आतड्याचा खराब तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि तिथल्या डॉक्टरांनी एक विलायती नाव सांगितलं. क्रोन. बाबांनी ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि जिना उतरेपर्यंत विसरले.

डॉक्टर तापट होते, पण थापा मारणारे नव्हते. म्हणाले, "आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. का होतात ते आम्हालाही नीट माहीत नाही. हा आजार मुळापासून जात नाही. पण झोपवता येतो."

झोपवायला दोन तऱ्हेच्या गोळ्या. एक पांढरी, इवलीशी, जिभेवर राहिली तर कडूजहर. दुसरी पिवळी, चांगली मोठी, जिच्यानं लघवीसुद्धा पिवळीधम्मक व्हायची. महिनाभरात माझं दुखणं पळालं. मी भाकर खाऊ लागले, शाळेत जाऊ लागले. फक्त तोंड सुजून टम्म झालं, त्यामुळे वर्गातल्या पोट्ट्या मला "पुरी" म्हणायच्या, आणि उंची जिथल्या तिथे थांबली. एकच फ्रॉक मला दोन वर्षं बरोबर बसला, आणि त्यावरून घरात कुणालाही आनंद झाला नाही.

त्या गोळ्या पहिल्यांदा घरात आल्या त्या दिवशी आईनं कोराडीच्या देवीला नवस बोलला. पोरीच्या गोळ्या सुटू दे, तुझी ओटी भरीन, तोवर तिखटाले तोंड लावणार नाही.

आता बघा, तिनं "आजार हटू दे" म्हटलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण तिच्या लेखी आजारी माणूस म्हणजे औषध घेणारा माणूस. ताप उतरला की बाटली फळीवर जाते, खोकला गेला की काढा बंद, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. गोळ्या सुटल्या म्हणजे पोरगी बरी झाली. गोळ्यांनीच दुखणं दाबून धरलंय, ते बरं दिसतंय तेच गोळ्यांमुळे, हे तिला कोण समजावणार? डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते बाबांना सांगितलं होतं, आणि बाबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं की गोळ्या चुकवायच्या नाहीत.

तर आई मिळमिळीत वरणभात खायला लागली, आणि मी? डॉक्टर म्हणाले होते, "तिखटानं हा आजार होत नाही. सोसेल ते खाऊ द्या हिला." झालं! जिच्या आतड्याचं दुखणं ती पाटोडीचा तर्रीदार रस्सा ओरपते आणि जिचं पोट लोखंडाचं ती शेजारी दहीभात कालवते. ताट ढकलून उठावंसं वाटायचं. तरी मी खायचे, कारण नाही खाल्लं तर तिचा जीव आणखी वरखाली.

सगळ्यात वाईट लग्नकार्यात. पंगतीत वाढणारा रस्सा घेऊन आला की आई ताटावर हात आडवा धरायची. बाजूची बाई विचारायची, "काहून वं, उपास हाय का?"

"नाही वं. माह्या पोट्टीच्या गोळ्या सुटल्या नाही अजून."

की सगळी पंगत वळून माझ्याकडे बघायची. मी टम्म तोंडाची, समोर लालभडक ताट. धरणी दुभंगून आत घेईल तर बरं, असं व्हायचं. लाज वाटायची आणि त्याहून जास्त अपराधी वाटायचं, की मी जिवंत आहे आणि नीट जेवते आहे, आणि त्याची किंमत ही बाई रोज दोन्ही वेळा ताटावर बसून देते.

मला तिचा रागही यायचा. एकदा मी चिडून विचारलं, "तुले कोणं सांगितलं होतं नवस बोलाले? देवीनं मागितली होती का मिरची?"

"देवी कायले मागते? आपणच देतो. आपल्याजवळ दुसरं हाय काय द्याले?"

मी पाय आपटत अंगणात निघून गेले.

दर फाल्गुनात मामा गावाहून लाल मिरचीचं पोतं आणायचा. अंगणात चादर पसरून मिरच्या वाळायच्या, आई देठं खुडायची, उखळात कांडायची. सगळं घर खोकायचं. ती मात्र त्या लाल धुळीत बसून मजेत शिंका द्यायची, तिचे हात भगभगायचे तर ते नाकाशी नेऊन वास घ्यायची. मामा चिडवायचा, "ताई, वासानं तं नवस मोडत नाही न?"

"चूप बस गा, भैताड नाही तं," ती म्हणायची, आणि माझ्याकडे चोरून बघायची, मला वाईट तर वाटलं नाही ना म्हणून. ते बघणंच मला जास्त लागायचं.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. पोट शांत होतं. एका खेपेला डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवून पोट सगळीकडून दाबून पाहिलं, वजन पाहिलं, उंची पाहिली, आणि कपाळाला आठ्या घालून बसले.

"आजार झोपलाय. पण या पांढऱ्या गोळ्यांनी हिची वाढ अडून बसली आहे. आता हळूहळू कमी करून बंद करायच्या का, हे ठरवायला पाहिजे. बंद केल्या तर दुखणं परत उठू शकतं. चालू ठेवल्या तर पोरगी एवढीशीच राहील. हाडंही कच्ची होतील. खात्री मी कशाचीच देऊ शकत नाही."

बाबा हात जोडून म्हणाले, "तुमी म्हणाल तसं, साहेब."

"मी म्हणेन तसं नाही हो! पोरगी तुमची आहे."

आई मागून म्हणाली, "सोडा साहेब गोळ्या. सोडाच." मला कळलं की तिला माझी उंची दिसतेय, खरंच दिसतेय. पण मला तिचं ताटही दिसलं.

डॉक्टर मग माझ्याकडे वळले. "ऐक. पोट दुखलं, पातळ झालं, ताप आला, भूक गेली, काहीही झालं, तर त्याच दिवशी आईला सांगायचं. मला आतलं दिसत नाही. हिलाही दिसत नाही. ते तुलाच दिसतं. हे काम तुझं. लवकर कळलं तर गोळ्यांनी आवरेल, उशीर झाला तर परत पोट फाडावं लागेल. कळलं?"

मी मान हलवली. कळलं होतं, सगळं कळलं होतं.

गोळ्या कमी करायच्या म्हणजे तुकडे करायचे. आई खिडकीच्या उजेडात अडकित्ता घेऊन बसायची आणि सुपारी फोडावी तशी ती इवलीशी गोळी कट्ट करून फोडायची. भुगा झाला की मला जिभेनं टिपून घ्यायला लावायची, इतकी ती इमानदार. आधी अर्धी, मग पाव. मधात कधी डॉक्टर म्हणायचे, एवढ्यावरच राहा, पुढच्या महिन्यात बघू, आणि आईचं तोंड उतरायचं. पण पांढऱ्या गोळ्या हळूहळू गेल्या खऱ्या. माझं तोंड माझ्यासारखं दिसायला लागलं. फ्रॉक आखूड होऊन गुडघ्यांच्या वर गेला तेव्हा आईनं शेजारच्या काकूंना हाका मारून बोलावलं आणि मला दारात उभं करून दाखवलं, "पाहा वं, टोंगळे दिसून राहिले पोट्टीचे!"

मग डॉक्टरांनी पिवळ्याही कमी करायला घेतल्या. आईनं देवीसमोर जाहीर करून टाकलं की चैत्रात कोराडीला ओटी. पहिलं काय खायचं ते रोज नवीन ठरायचं. आज ठेचा आणि ज्वारीची भाकर, उद्या वांग्याचं भरीत. बाबा म्हणायचे, "हिले आता देवी नाही, मिरचीच दिसून राहिली." घर कसं हलकं झालं होतं. मला अजून आठवतं, आई कपडे धुताना गुणगुणायला लागली होती.

आणि फाल्गुनात माझ्या पोटात पिळा पडला.

तोच. तीच जागा, बेंबीच्या खाली उजवीकडे. ओळख पटायला वेळ लागला नाही, पण मी मनाला सांगितलं, गॅस असेल. मग पळावं लागायला लागलं, तेव्हा सांगितलं, बोरं खाल्ली म्हणून असेल. संडासात नळ मोठा सोडायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. शाळेचा डबा दारावरच्या गाईला घालायचे आणि घरी येऊन म्हणायचे, मैत्रिणीकडे पोटभर खाल्लं. असली फोकनाडं मी आधी कधी मारली नव्हती. प्रत्येक थापेनंतर पोटापेक्षा छातीत जास्त दुखायचं.

पण सांगणार कशी? मी तोंड उघडलं की गोळ्या परत येणार, चैत्र जाणार, आणि आई परत दहीभातावर. किती वर्षं, कोण जाणे. मी मनात सौदा केला होता की एकदा तिची ओटी होऊ दे, एकदा तिला मिरची खाऊ दे, मग सांगीन. तेवढे दिवस सोसायचं. मला वाटलं, तिनं माझ्यासाठी इतकं सोसलं, मी तिच्यासाठी एवढं नको सोसायला? डॉक्टरांचं बोलणं रोज आठवायचं. आठवलं की मी पांघरूण तोंडावर ओढून घ्यायचे.

मामा नेहमीप्रमाणे पोतं घेऊन आला, एक रात्र राहून गेला. पोत्यावर त्यानं पिशवीभर हिरव्या मिरच्याही टाकल्या होत्या, बहिणीचा नवस फिटला की खायला म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा पाळीवर होते. आई अंगणात देठं खुडत होती, मी सावलीत पुस्तक घेऊन बसले होते. कधी टोंगळे पोटाशी ओढून घेतले ते मलाच कळलं नाही. दुखायचं तेव्हा, आधीच्या दिवसांत, मी असंच बसायचे.

आईचे हात थांबले.

"दुखून राहिलं का वं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं न!"

"माही शपथ घे."

खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली ते माणूस मरतं, हे आमच्या शाळेतल्या पहिलीतल्या पोट्टीलाही ठाऊक होतं. मी तिच्या डोळ्यांत न बघता म्हटलं, "तुही शपथ. नाही दुखत."

तिनं हातातली मिरची चादरीवर टाकली. माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, हात धुतले, आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात सकाळची भाकर होती आणि दुसऱ्या हातात मामाच्या पिशवीतली हिरवीगार मिरची. माझ्यासमोर मांडी घालून बसली. मला वाटलं, नुसती बघतेय. तर तिनं ती मिरची अर्धी चावली.

"आई!" मी किंचाळलेच. "आई वं, गोळ्या सुटल्या नाही अजून! थुक! थुक ते!"

ती चावत राहिली. इतक्या दिवसांनी जिभेला तिखट लागलं होतं, उचकी लागली, नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उरलेली अर्धीही तिनं तोंडात टाकली, भाकरीचा घास घेतला, गिळला.

"मोडला नवस," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "झालं. आता माह्यासाठी लपवून ठेवाले काही उरलं नाही. देवीचं मी पाहून घेईन. सांग आता, कुठी दुखते?"

मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि सगळं सांगून टाकलं. नळ, गाय, मैत्रीण, सगळं. तिच्या हातांना मिरची लागलेली होती, ती माझे डोळे पुसायला गेली आणि दोघींचेही डोळे भगभगायला लागले. त्यात रडणं कोणतं आणि मिरची कोणती, काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांकडे. त्यांनी आधी मला झापलं, मग पोट दाबलं, मग म्हणाले, "आणखी थोडे दिवस गेले असते तर सरळ ऑपरेशन होतं. आता गोळ्यांनी आवरेल." पांढऱ्या गोळ्या परत सुरू झाल्या, पिवळ्या वाढल्या.

आईनं निघता निघता दारातून विचारलं, "साहेब, म्या नवस मोडला, त्याच्यानं तं नसन न परत आलं?"

डॉक्टर वैतागले. "बाई, दुखणं आधी की मिरची आधी?"

"दुखणं."

"मग झालं तर! असा आजार पुन्हा उठतोच कधीकधी. गोळ्या कमी केल्या म्हणून उठला असेल, नाहीतरी उठला असता. यात कुणाचा दोष नाही."

आईनं मान डोलावली. रस्त्यावर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "पण देवीले तं आधीच माहीत असन न, मी मोडणार हाय म्हणून."  दोष आपल्या मोडलेल्या नवसाचाच, हे तिनं ठरवून टाकलं होतं, आणि ते माझ्या एका खोट्या शपथेपायी.

त्या दिवसापासून आई पुन्हा मिरची खाऊ लागली. दोन्ही वेळा, न चुकता. मी गोळी घ्यायचे आणि ती मिरची उचलायची. कचकन चावायची आणि म्हणायची, "पाह्य, खाऊन राहिली न मी? आता तू बी काही लपवू नोको." मला केवढं हायसं वाटायचं! तिचं जे मी हिरावून घेतलं होतं ते परत मिळालं, निदान तेवढं ओझं तरी उतरलं. मी रोज जेवायला बसले की आधी तिच्या ताटाकडे बघायचे. मिरची दिसली की मग माझा घास गोड लागायचा. आणि खरंच, त्यानंतर मी काहीही लपवलं नाही. साधं गुरगुरलं तरी सांगायचे. डॉक्टर हात जोडायचे, "अगं बाई, गॅस सगळ्यांनाच होतात."

माझं तोंड पुन्हा सुजलं, पुन्हा उतरलं. पांढऱ्या गोळ्या गेल्या. पुढं कितीतरी वर्षांनी, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, डॉक्टरांनी पिवळ्याही थांबवल्या, या वेळी फार सावकाश. म्हणाले, "बंद. सध्या तरी. आणि काम तुझंच आहे, विसरू नको." मी उड्या मारत घरी आले. उंची बेताचीच राहिली होती, पण उड्या चांगल्या मारता यायच्या.

"आई, सुटल्या! गोळ्या सुटल्या!"

तिनं देवीपुढे साखर ठेवली, माझ्या हातावर ठेवली, डोळे पुसले आणि ताटं वाढायला घेतली. आम्ही दोघी बसलो. सवयीनं मी तिच्या ताटाकडे बघितलं. मिरची नव्हती.

"थांब, मी आणते," म्हणून मी उठायला लागले.

"नोको. बस खाली."

"काहून वं? विसरली का?"

"आता कायले?" ती वरण कालवत म्हणाली. "मले तं तेव्हापासून तिच्यात काही चवच नाही लागली. तोंडात घातली की देवी समोर उभी राहे. पण तू रोज माह्या ताटाकडं पाहे न. नसती खाल्ली तं तू पुन्हा लपवलं असतं."

मी घास तसाच हातात धरून बसले. रोज दोन्ही वेळा. मी समोर बसून बघायचे आणि निश्चिंत व्हायचे, आणि ती माझ्यासाठी पाप चावत बसलेली.

"जेव न," ती म्हणाली. "उद्या कोराडीले जाऊ. ओटी राहिली हाय तिची. अन् माफी मी मागीन, तू मधात बोलू नोको."

दुसऱ्या दिवशी तिनं ओटी भरली आणि पायरीवर कपाळ टेकून बराच वेळ माफी मागत राहिली. मागच्या बाया खोळंबल्या, कुरकुरायला लागल्या, तरी ती उठेना. माफी मी तिची मागायला पाहिजे होती. मी नुसतं ओटीचं रिकामं ताट धरून उभी होते.